मानीव प्रदक्षिणा

विद्युन्मंडलांचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या आयुष्यात एक दिवस असा उगवतो, की ज्या दोन नियमांच्या भरवशावर तो तोपर्यंत निर्धास्त चालत आलेला असतो, ते दोन्ही नियम एका साध्या आकृतीपुढे निरुपाय होऊन उभे राहतात. एकसर जोडलेल्या रोधकांची बेरीज करावी, समांतर जोडलेल्यांच्या व्यस्तांची बेरीज करावी, आणि भले मोठे जंजाळ क्रमाक्रमाने आकसत आणून अखेर एक घट आणि एक रोधक एवढाच संसार शिल्लक ठेवावा, ही युक्ती पुष्कळ दूरवर साथ देते. परंतु चार रोधकांचा चौकोन करून त्याच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना घट जोडला आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांमध्ये पाचवा रोधक आडवा टाकला, की हा पाचवा कोणाशी एकसरही नाही आणि कोणाशी समांतरही नाही, असे ध्यानात येते. क्रिस्टीने १८३३ साली मांडलेला आणि व्हीटस्टनने १८४३ साली लोकांपुढे आणल्यामुळे त्याच्याच नावाने रूढ झालेला हा सेतू आकाराने इतका लहान आहे, की तो सुटत नाही यावर प्रथम विश्वासच बसत नाही.

माझ्या वाट्याला हा दिवस १९६० च्या पावसाळ्यात पुण्यात आला. आमच्या प्राध्यापकांनी फळ्यावर तो सेतू काढला, आम्हांस पाव तास झटू दिले, आणि मग काही एक न बोलता आकृतीतील तीन रिकाम्या जागांमध्ये खडूने तीन वाटोळे बाण काढले. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारे ते तीन बाण कोणत्याही तारेवर नव्हते. ते तारांनी वेढलेल्या पोकळीत होते. मी विचारले, "सर, हे प्रवाह आकृतीत कुठून आले?" ते म्हणाले, "आले नाहीत. आपण ते मानले आहेत."

या 'मानणे' शब्दाशी माझा परिचय घरातला होता. माझे वडील मामलेदार कचेरीत कारकून होते आणि त्यांच्याकडे काही वर्षे कूळकायद्याचे दप्तर होते. १९४८ च्या त्या कायद्यात पुढे जी दुरुस्ती झाली, तिच्या अन्वये १ एप्रिल १९५७ या दिवशी जमीन कसणाऱ्या कुळाने ती जमीन विकत घेतली आहे असे मानले जावे, असे ठरले होते. कागदोपत्री त्याला 'मानीव खरेदीदार' म्हणत. त्या दिवशी सकाळी कोणी कुळाने मुद्रांक आणला नव्हता, खरेदीखत लिहिले नव्हते की मालकाच्या हाती रक्कम ठेवली नव्हती; तरीही कायद्याने ती घटना घडली असे धरले, आणि त्या धरण्यातून निघालेला फेरफार सातबारावर चढला तेव्हा बांधावर उभा असलेला माणूस खरोखरच मालक झाला. वडील रात्री कंदिलाशी बसून असे फेरफार तपासत. जे घडले नाही ते घडले असे कोणत्या अटींवर धरता येते, आणि त्या धरण्याची हद्द नेमकी कुठे संपते, हे त्यांच्या बोटाखालच्या ओळींत मी लहानपणी पाहिले होते. म्हणून फळ्यावरच्या त्या तीन बाणांनी मला बुजवले नाही, उलट ओळखीचे कोणी भेटावे तसे वाटले.

मूळ आधार अर्थातच किरखॉफचे दोन नियम. ओहमने १८२७ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध करून एका रोधकापुरता दाब, प्रवाह आणि रोध यांचा संबंध सांगून ठेवला होता. परंतु अनेक रोधक आणि अनेक घट यांच्या गुंत्यात तो संबंध कसा लावावा, हे १८४५ साली क्योनिग्सबर्गच्या विद्यापीठात शिकत असलेल्या एकवीस वर्षांच्या गुस्टाफ किरखॉफने सांगितले. पहिला नियम निव्वळ जमाखर्चाचा आहे: जेथे तारा एकत्र येतात त्या संधीवर जेवढा प्रवाह येतो तेवढाच निघून जातो, तेथे शिल्लक काही राहत नाही. पुढे नोकरीच्या निमित्ताने माझी उमर कऱ्हाडला गेली, आणि हा नियम शिकवताना मला कधी पुस्तकातील आकृतीची गरज भासली नाही. मुलांना प्रीतिसंगमावर नेले की पुरे. समोरासमोरून येणाऱ्या कृष्णा आणि कोयना तेथे एकमेकींना भिडतात आणि काटकोनात वळून एक होऊन पूर्वेला जातात; पुढे गेलेले पाणी म्हणजे त्या दोघींची बेरीज, यात वाद नाही. (कोयनेचे पुष्कळसे पाणी १९६२ पासून सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या वीजगृहाकडे उतरते आणि वाशिष्ठीवाटे पश्चिम समुद्राला मिळते, ते संगमाच्या जमेत धरू नये, एवढे मी मुलांना आवर्जून सांगत असे, कारण हिशेब करण्याआधी संधी कोणती आणि तिच्यावर शाखा किती हे ठरवावेच लागते.) दुसरा नियम चढ-उताराचा आहे. गडाच्या पायथ्याच्या ज्या पायरीवरून निघालो, कितीही वाटांनी फिरून तिच्याचवर परत आलो, तर एकंदर चढ आणि एकंदर उतार समान भरणारच. मंडलात घट आपल्याला चढवतो, रोधक उतरवतात, आणि पूर्ण वळसा झाला की बाकी शून्य.

या दोन नियमांनी कोणतेही मंडल सुटते. पण प्रत्येक शाखेतील प्रवाह निराळा अज्ञात धरला, तर अज्ञातांची गर्दी होते. सेतूत रोधकांच्या पाच शाखा आणि घटाची सहावी, म्हणजे सहा अज्ञात आणि सहा समीकरणे. त्या तीन वाटोळ्या बाणांनी हीच संख्या तिनावर आणली, आणि ती कशी आणली हे जेव्हा मला उमगले, तेव्हा झालेला आनंद पासष्ट वर्षांनीही उणावलेला नाही.

तारांनी वेढलेल्या ज्या रिकाम्या जागेला इंग्रजीत 'मेश' म्हणतात, तिला वर्गात आम्ही मेशच म्हणतो. परंतु माझ्या मनात त्यासाठी 'घर' हा शब्द आहे, जाळीचे घर किंवा बुद्धिबळाच्या पटावरचे घर म्हणतात त्या अर्थाने. प्रत्येक घरात एक प्रवाह आहे आणि तो त्या घराच्या चार भिंतींभोवती अखंड फिरतो आहे, असे मानावे. फिरण्याची दिशा सर्वांची एकच, घड्याळाच्या काट्यांची, म्हणजे देवाला उजवी घालून आपण जी प्रदक्षिणा करतो तिचीच. आता प्रदक्षिणा करणारा माणूस वाटेतल्या कोणत्याही कोपऱ्यावर येतो तसाच तेथून निघूनही जातो. कोपऱ्यावर तो साठत नाही. म्हणून प्रवाह प्रदक्षिणेचे मानले, की किरखॉफचा पहिला नियम प्रत्येक संधीवर आपोआप पाळला जातो, त्यासाठी निराळे समीकरण मांडावेच लागत नाही. अर्धे काम कल्पनेच्या नुसत्या आकारानेच उरकले. उरला तो चढ-उताराचा नियम, घरामागे एकदा.

दोन देवळे एकाच आवारात शेजारी आहेत आणि त्यांच्या मधली गल्ली दोहोंना सामाईक आहे, असे समजा. दोन्हीकडचे भाविक आपापल्या देवाला उजवी घालून चालले आहेत. डाव्या देवळाचे भाविक त्या गल्लीतून खाली येतात, उजव्या देवळाचे वर जातात. गल्लीत ते समोरासमोर भेटतात. दिशा सारखी आहे म्हणूनच ते सामाईक वाटेवर परस्परविरुद्ध आहेत. मेश पद्धतीच्या समीकरणांत शेजारच्या घराच्या प्रवाहाआधी जे उणे चिन्ह येते आणि ज्याची विद्यार्थी घोकंपट्टी करतात, ते या गल्लीतून आलेले असते. सामाईक रोधकात प्रत्यक्ष वाहणारा प्रवाह म्हणजे या दोन मानीव प्रवाहांची वजाबाकी. त्या तारेत खुपसलेल्या अ‍ॅमीटरला दोन निरनिराळे प्रवाह कधीही दिसत नाहीत, दिसते ती त्यांची तफावत. आणि मोठ्या जाळीत जे घर चारी बाजूंनी शेजाऱ्यांनी वेढलेले असते, त्याचा प्रवाह तर कोणत्याही अ‍ॅमीटरला कुठेही सुटा सापडत नाही; तरीही त्याच्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

एक लहानसे मंडल घेतो, कारण अंकांवाचून ही गोष्ट बोलणे मला अप्रामाणिक वाटते. डावीकडे १४ व्होल्टचा घट आणि त्याच्याशी एकसर २ ओहमचा रोधक. उजवीकडे १५ व्होल्टचा घट आणि त्याच्याशी एकसर ३ ओहमचा रोधक. दोहोंच्या मधोमध, वरच्या तारेपासून खालच्या तारेपर्यंत, ६ ओहमचा सामाईक रोधक. आणि दोन्ही घटांची धन टोके वरच्या तारेकडे. घरे दोन, डाव्याचा प्रवाह क्ष, उजव्याचा य. डाव्या घराच्या वाटेवर एकंदर रोध २ अधिक ६, म्हणजे ८; त्यातील ६ शेजाऱ्याशी सामाईक; घटाचा चढ १४. म्हणून ८क्ष − ६य = १४. उजव्या घराच्या वाटेवर एकंदर रोध ९, सामाईक तेच ६. पण प्रदक्षिणेच्या दिशेने चालताना १५ व्होल्टचा घट धन टोकाकडून लागतो, म्हणजे तेथे चढ नसून उतार आहे. म्हणून −६क्ष + ९य = −१५. दोन्ही ओळींत ते −६ सारखेच आहे, हे मी मुलांना नेहमी थांबून दाखवीत असे: डाव्या घराला उजव्याची जेवढी झळ लागते, तेवढीच उजव्याला डाव्याची. उत्तर येते ते असे: क्ष बरोबर १ अ‍ॅम्पिअर, आणि य बरोबर उणे १.

या उणे एकापाशी मी माझ्या अध्यापनाच्या आयुष्यातील कितीतरी तास घालविले. उत्तर ऋण आले की विद्यार्थी दचकतो, मागे जाऊन चूक शोधू लागतो, आणि सापडली नाही तर चिन्ह हळूच खोडून टाकतो. वास्तविक ते चिन्ह म्हणजे मंडलाने आपल्याला दिलेला सरळ जबाब आहे: तुम्ही मानलेल्या दिशेच्या उलट दिशेने प्रवाह जात आहे, आणि तो नेमका एक अ‍ॅम्पिअर आहे. दिशा मानताना आपण काहीही जाणत नव्हतो, तरी गृहीत धरलेल्या उलट दिशेने उत्तराचे काहीएक बिघडले नाही. मधल्या रोधकातील प्रवाह क्ष उणे य, म्हणजे एकातून उणे एक वजा, म्हणजे २ अ‍ॅम्पिअर. सहा दुणे बारा व्होल्ट. डावा घट १४ पैकी २ व्होल्ट आपल्या रोधकात गमावून १२ देतो, उजवा १५ पैकी ३ गमावून १२ देतो. तिन्ही वाटांनी बाराच.

ही युक्ती जेम्स क्लार्क मॅक्सवेलची. १८७९ साली, आयुष्याच्या अखेरच्या वर्षात, केंब्रिजला दिलेल्या व्याख्यानांत त्याने ती सांगितली. त्या व्याख्यानांना बसणारे विद्यार्थी मोजकेच होते, आणि त्यांतील जॉन अँब्रोज फ्लेमिंग या विद्यार्थ्याने १८८५ साली ही युक्ती लेखरूपाने प्रसिद्ध केली. पुढे १९०४ साली ज्याने पहिली निर्वात नलिका केली, तोच हा फ्लेमिंग. एखाद्या वर्गात दोन-चारच मुले हजर असली म्हणजे मला पुष्कळदा त्या वर्गाची आठवण होई. मात्र किती प्रदक्षिणा पुरेशा होतील, याचा निवाडा त्याआधीच झालेला होता: १८४७ साली किरखॉफनेच दाखविले होते, की शाखांच्या संख्येतून संधींची संख्या वजा करून एक मिळवला, म्हणजे स्वतंत्र वळशांची संख्या येते. ज्या क्योनिग्सबर्गमधील प्रेगेल नदीवरच्या सात पुलांचे कोडे ऑयलरने १७३६ साली सोडविले, त्याच गावात जन्मलेल्या मुलाने शंभराहून अधिक वर्षांनी तारांच्या जाळ्यात वाटा मोजाव्यात, हा योग मला फार मनोहर वाटतो. घरांच्या पद्धतीला एक मर्यादा आहे, ती हीच की आकृती कागदावर तारेने तार न ओलांडता काढता आली पाहिजे. ज्या मंडलाला ते शक्य नाही, त्याला घरेच नसतात, आणि तेथे संधींवरचे दाब अज्ञात धरणे सोयीचे पडते. आजचे संगणकही बहुधा त्याच मार्गाने जातात.

आता दुसरी वाट. घट आणि त्याच्याशी एकसर रोधक, अशी जोडी एखाद्या पेटीत बंद करून फक्त दोन टोके बाहेर ठेवली, आणि दुसऱ्या पेटीत प्रवाहाचा उद्गम आणि त्याला समांतर तोच रोधक ठेवला, तर त्या उद्गमाचा प्रवाह योग्य निवडल्यास या दोन पेट्यांतील भेद बाहेरून कोणालाही काढता येत नाही. १४ व्होल्ट आणि एकसर २ ओहम यांच्याऐवजी १४ भागिले २, म्हणजे ७ अ‍ॅम्पिअरचा उद्गम आणि समांतर २ ओहम. दोन्ही पेट्यांची टोके मोकळी सोडली तर १४ व्होल्ट भरतात. टोके एका तारेने जोडून टाकली तर ७ अ‍ॅम्पिअर वाहतात. आणि मधल्या कोणत्याही भाराला दोन्हींकडून सारखेच मिळते. हेच उद्गमांचे रूपांतरण. आपल्या मंडलात डावी जोडी ७ अ‍ॅम्पिअर आणि २ ओहम होते. उजवी १५ भागिले ३, म्हणजे ५ अ‍ॅम्पिअर आणि ३ ओहम. आता सगळेच समांतर झाले. सात आणि पाच मिळून १२ अ‍ॅम्पिअर. आणि २, ३ व ६ ओहम समांतर, म्हणजे अर्धा, एकतृतीयांश आणि एकषष्ठांश यांची बेरीज बरोबर एक, म्हणून रोध एक ओहम. बारा गुणिले एक: बारा व्होल्ट. समीकरण एकही न मांडता तेच उत्तर.

वडिलांच्या कचेरीत याला रुजवात घालणे म्हणत. एकच रक्कम कीर्दीत एका वाटेने आली आणि खतावणीत दुसऱ्या वाटेने, आणि दोन्हींचा मेळ बसला, म्हणजे मगच तिच्यावर शिक्का. घरांच्या वाटेने आलेले बारा आणि पेट्यांच्या वाटेने आलेले बारा जेव्हा वहीच्या एकाच पानावर समोरासमोर येतात, तेव्हा मला अजूनही त्या शिक्क्याचा आवाज ऐकू येतो.

परंतु या रूपांतरणाची हद्द फार काटेकोरपणे सांभाळावी लागते, आणि ती ओलांडल्यामुळे होणाऱ्या चुकाच मी सर्वांत अधिक पाहिल्या आहेत. रूपांतरित आकृतीत २ ओहमच्या रोधकावर बारा व्होल्ट आहेत, म्हणून त्यातून ६ अ‍ॅम्पिअर वाहतात. मूळ मंडलातील २ ओहमच्या रोधकातून मात्र एकच अ‍ॅम्पिअर वाहतो. नाव तेच, मोल तेच, तरी हा तो रोधक नव्हे. घटाने किती दिले हे विचारायचे असेल, तर उत्तर घेऊन मूळ आकृतीत परत गेले पाहिजे: चौदातून बारा वजा, दोन व्होल्ट, दोन ओहम, एक अ‍ॅम्पिअर. त्याहून विलक्षण गोष्ट अशी, की दोन्ही पेट्यांची टोके मोकळी असताना घटाच्या पेटीत काहीच खर्च होत नाही, तर प्रवाहाच्या पेटीत तेच ७ अ‍ॅम्पिअर आतल्या आत २ ओहममधून फिरत राहतात आणि ९८ वॅट जळत राहतात. बाहेर दोन टोकांशी उभ्या असलेल्या माणसाला त्या जळण्याचा पत्ता लागत नाही.

पेटीच्या आत घटांचे आणि रोधकांचे कसलेही जंजाळ असो, टोकांशी एक घट आणि एक रोधक एवढेच दिसते, हा सिद्धांत हेल्महोल्ट्झने १८५३ साली आणि त्याचा मागमूस नसताना फ्रान्सच्या तारखात्यातील अभियंता लेओं शार्ल तेव्हनँ याने १८८३ साली मांडला. आणि प्रवाहाच्या उद्गमाचे प्रतिरूप १९२६ सालच्या एकाच नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेत बेल प्रयोगशाळेच्या एडवर्ड नॉर्टनने आणि जर्मनीत हान्स फर्डिनांड मायरने, एकमेकांना न कळता, लिहून काढले. नॉर्टनचे नाव पाठ्यपुस्तकांत राहिले. मायरचे क्वचितच घेतले जाते, म्हणून त्याच्याविषयी दोन शब्द अधिक लिहितो. झीमेन्स कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या या माणसाने १९३९ च्या नोव्हेंबरात ऑस्लोला जाऊन जर्मनीच्या गुप्त शस्त्रसंशोधनाची टिपणे टंकलिखित केली आणि निनावीपणे ब्रिटिश वकिलातीकडे पोहोचविली. तो परत गेला आणि पूर्ववत कामावर रुजू झाला. १९४३ साली त्याला पकडले, ते परदेशी नभोवाणी ऐकल्यासारख्या आरोपांखाली. छळछावण्यांत त्याने युद्धाचा शेवट पाहिला, तरी ऑस्लोच्या त्या कागदांचा त्याच्याशी असलेला संबंध त्याला कैद करणाऱ्यांना अखेरपर्यंत समजला नाही, आणि जगालाही तो १९८० साली वारल्यानंतरच कळला. चार वर्षे त्याच्या भोवतीच्या माणसांना दोन टोकांशी तोच कर्तबगार अधिकारी दिसत होता, आणि आत काय जळत होते ते त्या एकट्याला ठाऊक होते. ही हकीकत कळल्यापासून त्याचा १९२६ चा लेख शिकवताना मी वर्गाला ती सांगितल्यावाचून कधी राहिलो नाही.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी हेच १४, १५, २, ३ आणि ६ यांचे मंडल फळ्यावरून काढून प्रयोगशाळेतील टेबलावर मांडले. दोन पुरवठे, तीन ऱ्होस्टॅट आणि तीन अ‍ॅमीटर. एका वायरमनचा मुलगा त्या टेबलाशी होता. वहीत त्याने दोन्ही रीतींनी उदाहरण सोडविले होते, आणि य च्या उत्तरापुढचे उणे चिन्ह खोडण्यासाठी त्याने रबर उचलला होता. मी म्हणालो, "राहू दे तसंच. अ‍ॅमीटर तू मानलेल्या दिशेनं जोड." त्याने उजव्या घराच्या वरच्या तारेत अ‍ॅमीटरचे धन टोक डावीकडे ठेवून जोडणी केली आणि कळ दाबली. मधल्या अ‍ॅमीटरचा काटा दोनाच्या खुणेपाशी गेला, डाव्याचा एकापाशी. उजव्याचा काटा मात्र शून्याच्या मागे डावीकडच्या खुंटीवर जाऊन टेकला आणि तेथेच थरथरत राहिला. मुलाने वहीकडे पाहिले. मग कळ बंद करून त्याने अ‍ॅमीटरच्या दोन्ही वायरी काढल्या, उलट लावल्या, स्क्रू नीट आवळले आणि पुन्हा कळ दाबली. काटा उठला आणि एकापाशी येऊन स्थिर झाला.